सात घरे

पावसाळ्याच्या दिवसांत आमच्या वाडीच्या तोंडाशी उभी राहणारी टॅक्सी पहाटे सुरू करण्यापूर्वी तिचा चालक बॉनेटवर तळहाताने दोन-तीन थापा मारतो, क्षणभर थांबतो, वाकून चाकांच्या आतल्या बाजूस डोकावतो, आणि मगच किल्ली फिरवतो. रात्री उशिरा परतलेल्या गाडीचे इंजिन बराच वेळ ऊबदार राहते, आणि बाहेर श्रावणाच्या सरी कोसळत असताना त्या उबेचा सुगावा गल्लीतल्या मांजरांना अचूक लागतो. चाकावरून चढून ती यंत्राच्या पोकळीत शिरतात, अंगाचे वेटोळे करून निजतात, आणि गाडी अकस्मात सुरू झाली तर पट्ट्यात वा पंख्यात सापडून त्यांचा अंत ओढवतो. या चालकाने मांजर पाळलेले नाही. थाप ऐकून एखादे काळे, अर्धवट झोपेतले डोके चाकाआडून बाहेर येते, त्याच्याकडे पाहते न पाहते तोच जिन्याखाली अदृश्य होते, आणि तोही जणू काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने गाडी काढतो. मला मात्र त्या थापेत या शहराविषयी पुष्कळ काही ऐकू येते.

आपल्या व्यवहारात बहुतेक प्रत्येक गोष्टीची कोठे ना कोठे नोंद असते. जमिनीला सातबारा असतो, खोलीला भाडेपावती असते, गाडीला क्रमांक असतो, पाळलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असतो. रस्त्यावरच्या बेवारशी कुत्र्याचीसुद्धा निदान तक्रार तरी दप्तरी दाखल होते. वाडीतले मांजर या सर्व दप्तराच्या बाहेर राहिले आहे. ते रानटी नाही, कारण माणसांच्या वस्तीवाचून त्याचा निभाव लागत नाही. आणि पाळीवही नाही, कारण कोणाच्या हाकेला ते बांधील नाही. तरीही त्याची वहिवाट सर्वांस ठाऊक असते. पहिल्या मजल्याचा कठडा दुपारी कोणाचा, पिठाच्या गिरणीचे पत्र्याचे छप्पर सकाळच्या उन्हात कोणाचे, जिन्याखालची मोडकी पेटी बाळंतपणासाठी कोणत्या भाटीची, हे मांजरांमध्ये केव्हाच ठरलेले असते, आणि त्या हद्दींचे कज्जे रात्री दोन-अडीचच्या सुमारास, बोक्यांच्या त्या लांबलचक, चढत जाणाऱ्या आरोळ्यांनी, सबंध वाडीच्या साक्षीने चालतात.

आपल्या वाङ्मयाने मांजराला न्याय दिला नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. पंचतंत्रातला दधिकर्ण नदीकाठी तपस्व्याचे सोंग घेऊन बसतो आणि न्याय मागण्यास आलेल्या सशाला व पक्ष्याला गिळून टाकतो. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या त्या प्रचंड शिल्पपटावर एक बोका पुढचे पाय उंच उभारून तप करतो आहे आणि उंदीर त्याच्या पायाशी विश्वासाने जमले आहेत. दांभिकतेसाठी आपल्याला याच्याहून सोयीचे जनावर सापडले नाही. परंतु महाभारताच्या शांतिपर्वात एक निराळी कथा आहे, आणि ती मला या सर्वांहून मोलाची वाटते. पलित नावाचा उंदीर आणि लोमश नावाचा मार्जार एकाच वटवृक्षाच्या आश्रयाने राहत असतात. एके दिवशी लोमश पारध्याच्या जाळ्यात सापडतो, आणि त्याच वेळी मुंगूस व घुबड हे दोन शत्रू पलितावर टपून बसतात. उंदीर विचार करतो, बद्ध झालेल्या मांजराच्या कुशीत शिरतो, आणि त्या मोबदल्यात त्याचे पाश तोडण्याचे वचन देतो. पण पाश तो घाईने तोडीत नाही, पारधी दिसू लागतो तेव्हा, सुटलेल्या मांजराला स्वतःचा जीव वाचविण्यापलीकडे काही सुचू नये अशा नेमक्या क्षणी तोडतो. संकट टळल्यावर लोमश मैत्रीची भाषा करतो, बिळापाशी येऊन गोड बोलतो. पलित आतूनच उत्तर देतो: आपला तह कारणापुरता होता, कारण संपले, आता तू तुझ्या ठिकाणी आणि मी माझ्या. लहानपणी ही कथा मला कोरडी वाटली होती. वाडीतल्या मांजरांपुढे ताटली ठेवू लागल्यापासून तिच्यातला ओलावा कळू लागला. दोन जिवांमध्ये अंतर कायम ठेवूनही एकमेकांचा प्राण राखता येतो, असे सांगणारी कथा कोरडी कशी म्हणावी?

ताटलीची दीक्षा मला माईंकडून मिळाली. माई आमच्या शेजारच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत. घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. आणि याच माईंच्या गॅलरीत, दाराबाहेर, झाकणावर वीट ठेवलेला एक पत्र्याचा डबा असे, आणि त्यात सुकट भरलेली असे. कोळीण महिन्याच्या महिन्याला ती आणून देई. डब्याला माईंनी सून सोडाच, नातवंडांचाही हात कधी लागू दिला नाही. मांजरांचे सर्व काही त्या स्वतः करीत आणि नंतर स्नान करीत. मी एकदा विचारले, "माई, तुम्ही आयुष्यात मासळीला शिवला नाहीत, मग हे कसे जमते?" त्या म्हणाल्या, "अरे, जेवण त्यांचं आहे. माझी आवडनिवड मध्ये कुठं आली?" पूर्वी त्याही दूधभातच घालीत. पण मांजराचे शरीर मांसावर पोसण्यासाठी घडले आहे, निव्वळ दूधभातावर ठेवलेल्या मांजराची दृष्टी आणि हृदयही कालांतराने दुबळे होऊ शकते, आणि मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना गाईचे दूध पचतच नाही, हे जनावरांच्या डॉक्टरांकडून कळताच, त्यांनी सत्तर वर्षांच्या संस्काराला मुरड घातली. धर्म म्हणजे काय यावर मी पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. त्या डब्यापुढे त्यांतले एकही मला आठवत नाही.

सुकटीचेही शास्त्र आहे. ती आधी कोमट पाण्यात भिजवायची, पाणी टाकून द्यायचे, पुन्हा भिजवायची, कारण तिच्यातले मीठ मांजरांना बाधते. मग हाताने चुरून थोड्या मऊ भाताशी कालवायची. कोळणीने तारलीची वा बोंबलाची डोकी दिली तर ती नुसती उकडून, काटे काढून द्यायची. वासाने जिन्यावर नाके मुरडली जातात. म्हणून हे काम दुपारी, लोक कामावर गेले असताना उरकायचे. पाण्याचे भांडे ताटलीपासून जरा दूर ठेवायचे. जेवण झाले की ताटली तत्काळ उचलून जागा धुऊन काढायची, कारण उरलेल्या घासावर आधी कावळे, मग मुंग्या, आणि रात्री घुशी येतात, आणि त्या घुशींचा दोष शेवटी मांजरांच्याच माथी बसतो. हे शेवटचे कलम माई अत्यंत कठोरपणे पाळीत. जागा अस्वच्छ ठेवून भूतदयेचे पुण्य मिळवू पाहणाऱ्यांविषयी त्यांना मनस्वी तिटकारा होता, आणि मलाही आहे.

पण या सर्वांहून अवघड गोष्ट म्हणजे वेळ. मांजराला घड्याळ कळत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी दिवेलागणीच्या सुमारास आमच्या जिन्यापाशी येऊन उभे राहावे. प्रथम काबरी येते. काळा, पांढरा आणि पिवळा असे तीन रंग अंगावर मिरविणारे मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, हा निसर्गाचा एक नियम तिच्यामुळे मला कळला. तिच्यामागून तिच्या दोन वयात आलेल्या मुली, गिरणीच्या छपरावरून उतरणारा एक करडा, आणि सर्वांत शेवटी, सर्वांपासून दूर, पिवळा बोका, ज्याचा एक डोळा कोणत्या तरी जुन्या कज्ज्यात गेला आहे. कोणी अंगाला घासत नाही, कोणी हात लावू देत नाही. ताटली ठेवून मी चार पावले मागे सरलो की ती पुढे येतात. मी पुढे झालो की मागे सरतात. प्रेम मनाला येईल तेव्हा करता येते. ताटली मात्र ताप असला, पाहुणे असले, मन खिन्न असले तरी त्याच वेळी त्याच पायरीवर यावी लागते, कारण एक वेळ चुकली की ती मांजरे कचराकुंडीकडे, आणि तेथून रस्त्याच्या पलीकडे जातात, आणि रस्ता ओलांडणे ही मांजराच्या आयुष्यातली सर्वांत धोक्याची गोष्ट आहे. माईंचा नेम त्यांच्या यजमानांच्या तेराव्यालाही मोडला नव्हता.

या वस्तीची मांजरांशी असलेली नाती एवढ्यापुरतीच नाहीत. १८९६ साली मुंबईत मांडवीच्या बाजूस प्लेगने प्रथम डोके वर काढले, आणि उंदरांच्या त्या दुर्दिनांत मांजराची किंमत एकाएकी वाढली. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील बुकॅनन नावाच्या डॉक्टरांनी तर पुढे १९०८ च्या सुमारास मांजर हे प्लेगचे निवारण करणारे जनावर आहे असे मोठ्या आग्रहाने मांडले. गरज होती तोवर मांजर उपकारक होते. आता धान्याच्या वखारी शहराबाहेर गेल्या, घरे बंद दारांची झाली, आणि ज्यांच्या पूर्वजांनी आमच्या पूर्वजांच्या कणग्या राखल्या ती मांजरे जिन्यावरची अडगळ ठरली. उपकाराची फेड करावी असे मी म्हणत नाही. पण जुन्या चाकरीची थोडी ओळख तरी ठेवावी.

पावसाळा हा पिल्लांचा कठीण काळ. भाटी सुमारे नऊ आठवडे गर्भ वागविते. उन्हाळ्याच्या अखेरीस विणाऱ्या माद्यांची पिल्ले नेमकी आषाढाच्या पाण्यात सापडतात. मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. सात हा आकडा लोकांच्या मायेचा असेल, पण फिरवणे खरे आहे. वास पसरला, कोणी डोकावले, पाणी आत शिरले की आई एकेका पिल्लाला मानेच्या सैल कातड्याला धरून उचलते, आणि पिल्लूही तत्क्षणी अंग सोडून, पाय पोटाशी घेऊन, तिच्या तोंडी निश्चल लोंबकळते. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांनी या दृश्यावरून शरणागतीचे एक सबंध तत्त्वज्ञान उभारले: माकडाचे पोर आईला आपल्या बळाने बिलगते, मांजराचे पिल्लू मात्र काहीच करीत नाही, भार सर्वस्वी आईवर. तेंगलै पंथाने जीवाला मांजराच्या पिल्लाच्या जागी कल्पिले. मला त्या तत्त्वज्ञांना विचारावेसे वाटते, की आई परतलीच नाही तर?

कारण कधी कधी ती परतत नाही. एकटे ओरडणारे पिल्लू दिसले की ते उचलून घरी आणण्याची ऊर्मी माणसाला होते, आणि तेथेच स्वतःला आवरावे लागते; आई बहुधा अन्नाच्या शोधात वा दुसरी जागा पाहण्यास गेलेली असते, आणि आपण दूर उभे राहिल्याखेरीज ती येत नाही. दूर उभे राहून काही तास वाट पाहावी. पिल्लू गार पडू लागले, त्याच्या अंगावर मुंग्या चढू लागल्या, तर मात्र थांबू नये. असेच एक पिल्लू गेल्या आषाढात आमच्या जिन्याखाली मिळाले: मुठीएवढे, डोळे नुकते उघडू लागलेले, आणि त्या फटीतून दिसणारा तो धुरकट निळा रंग, जो सर्वच पिल्लांचा आरंभी असतो. माई तेव्हा येथेच होत्या. त्यांनी प्रथम दूध मागितले नाही, ऊब मागितली. गार पिल्लाच्या पोटात दूध घातले तर ते पचत नाही, म्हणून आधी गरम पाण्याची बाटली जुन्या लुगड्यात गुंडाळून तिच्या कडेला त्याला ठेवले, आणि अंगात धुगधुगी आल्यावर पिल्लांसाठी मिळणारी भुकटी कालवून, त्याला पालथेच ठेवून, थेंबाथेंबाने पाजले. उताणे केले तर दूध फुफ्फुसात जाते. मग ओल्या कोमट कापसाने त्याचे ओटीपोट हळूहळू पुसले, कारण एवढ्या लहान पिल्लाला आईच्या जिभेच्या स्पर्शावाचून मूत्रविसर्जनही करता येत नाही. रात्री दर दोन-तीन तासांनी हा क्रम. माईंची बोटे संधिवाताने वाकलेली होती. ड्रॉपरच्या रबरी फुग्यावर ती इतक्या हलकेपणाने दाबली जात, की थेंब ओठांशी येऊन थांबे आणि पिल्लाने ओढल्यावरच आत जाई. ते पिल्लू जगले. त्याच महिन्यात मिळालेली आणखी दोन जगली नाहीत; मांजरांचा तो अतिसाराचा आणि ओकाऱ्यांचा संसर्ग, ज्याची लस असते पण रस्त्यावरच्या पिल्लाला ती वेळेत मिळत नाही, त्यात एका दिवसात गेली. माईंनी त्यांना वाडीतल्या प्राजक्ताखाली पुरले आणि पुरताना काही म्हटले नाही.

जगलेल्यांचे पुढे काय, हा प्रश्न माईंनीच मला विचारावयास लावला. पाच-सहा महिन्यांची भाटी गाभण राहू शकते. अंगावर पिल्ले पीत असताना पुन्हा राहू शकते. वर्षातून दोन-तीन वेळा विणारी मादी हळूहळू नुसत्या हाडांवर येते, आणि तिच्या पिल्लांपैकी थोडीच पुढचा पावसाळा पाहतात. अन्न घालावयाचे आणि हे पाहत राहावयाचे, ही अर्धी दया होय. म्हणून पिंजरा आला. मागल्या टोकाला तारली ठेवलेली, मध्ये एक पट्टी, तिच्यावर पाय पडताच तोंडाचे दार खटकन पडते. काबरीला पकडण्यासाठी आदल्या दिवशी सर्वांचे जेवण बंद ठेवावे लागले. नेहमीच्या वेळी ती आली, रिकाम्या पायरीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. ती आत गेली तेव्हा दार पडल्याचा तो आवाज, आणि जाळीवर तिने स्वतःला झोकून दिल्याचा दुसरा आवाज, हे दोन्ही माझ्या अंगावर आले. पिंजऱ्यावर जाड काळे कापड टाकताच ती शांत झाली. अंधारात मांजराला धीर येतो. पण कापडाखालून ती रात्रभर एका सुरात, न थांबता, खर्जात गुरगुरत राहिली. शांतिपर्वातल्या त्या कथेत पारधी निराळा आणि पाश तोडणारा निराळा होता. त्या रात्री ती दोन्ही कामे मीच करीत होतो. तिला पुढे होणारी संतती मी तिच्या वतीने नाकारीत होतो, आणि तिला विचारण्याचा कोणताही मार्ग मला उपलब्ध नव्हता. हे करणे योग्य आहे याविषयी माझ्या मनात संदेह नाही. ते योग्य असूनही त्यात एक बळजोरी आहे, आणि तिचे ओझे पकडणाऱ्याने वाहिले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

शस्त्रक्रिया झाली, गुंगीत असतानाच तिच्या डाव्या कानाचे टोक किंचित छाटले गेले, म्हणजे पुन्हा कोणी तिला त्याच कामासाठी धरू नये. जखम भरेपर्यंत काही दिवस तिला ठेवून घेतले, आणि मग त्याच जिन्यापाशी, त्याच पायरीसमोर, पिंजऱ्याचे दार उघडले. परत आणून सोडणे हे यातले मर्म आहे. मांजरांना उचलून दूर कोठे नेऊन टाकले तर ती तेथे बहुधा उपाशी मरतात, आणि येथली रिकामी झालेली जागा थोड्याच दिवसांत दुसरी, न छाटलेल्या कानांची मांजरे भरून काढतात. काबरी बाणासारखी निघून गेली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती आली, पूर्वीपेक्षा थोडी अधिक दूर बसली, आणि जेवली.

वाडीत सर्वांना हे पटले असे नाही. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांना दम्याचा विकार होता आणि केसांचा त्रास होई. त्यांची तक्रार खरी होती, म्हणून ताटली त्यांच्या दारापासून हलवून मागच्या जिन्यापाशी नेली. काहींना मात्र मांजरच नको होते. अशा एका बैठकीत कोणी तरी घटनेचे कलम वाचून दाखविले: १९७६ च्या घटनादुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगण्याचा अंतर्भाव झाला आहे. कलमाने बैठक गप्प झाली. पण नंतर मागच्या जिन्याची फरशी रोज धुतली जाते हे पाहूनच माणसे निवळली.

आता प्रश्न निराळाच उभा राहिला आहे. आमच्या वाडीचा पुनर्विकास ठरला. तीन चाळींपैकी पहिल्या दोन रिकाम्या झाल्या, आणि माझी तिसरी अखेरच्या टप्प्यात जाईल. करारनामे झाले, भाड्याचे धनादेश वाटले गेले, माणसे मीरा रोडला, डोंबिवलीला, विरारला पांगली. माई डोंबिवलीस मुलाकडे गेल्या. कुत्रे माणसाचे आणि मांजर घराचे, असे जुनी माणसे म्हणत. रिकाम्या चाळीच्या जिन्यात बसून राहिलेली मांजरे पाहून ते शब्द मनाला लागतात. १८३२ साली याच शहरात कुत्री मारण्याच्या हुकुमावरून दंगा झाला, आणि त्यानंतर दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. बेवारशी जनावरांसाठी जागा राखण्याची बुद्धी या शहराला तेव्हा होती. आमच्या करारनाम्याच्या कोणत्याही कलमात मांजरांचा उल्लेख नाही.

तेव्हा एकच उपाय उरतो, आणि तो मंद आहे. ताटली रोज थोडी थोडी पुढे सरकवायची: हातभर, कधी दोन हात, मांजरे बिचकली तर दोन-चार दिवस तेथेच थांबायचे. गल्लीपलीकडे देवळाचे मागले आवार आहे. तेथे विहीर आहे, औदुंबर आहे, आणि गुरवांनी तोंडी परवानगी दिली आहे. ताटली सध्या शिंप्याच्या ओट्यापर्यंत आली आहे. काबरी आणि तिच्या मुली तेथवर येतात, करडाही येतो. एकाक्ष बोका मात्र रिकाम्या चाळीचा जिना सोडीत नाही. इतरांचे आटोपल्यावर त्याच्यासाठी मला मागे जावे लागते. पाडकामाच्या मुकादमाला तारीख विचारली, तर तो "दसऱ्यानंतर" एवढेच म्हणतो. ओट्यापुढे गल्ली आहे, आणि तिच्यातून दुचाक्या भरधाव जातात. माई रोज संध्याकाळी फोनवर एकेकाची विचारपूस करतात, आणि त्यांचे म्हणणे असे की बोक्यासाठी बाकीच्यांना ओट्यावर अडकवून ठेवू नये, ताटली उद्याच पलीकडे न्यावी, तो भुकेने मागोमाग येईल. मला वाटते, त्याच्या त्या गेलेल्या डोळ्याच्या बाजूनेच सगळी वाहने येतात, म्हणून आधी त्याला पिंजऱ्याने धरून देवळात न्यावे, आणि मगच ताटली हलवावी. काल बराच वेळ आमचा यावर वाद झाला. आज त्यांचा फोन यायचा आहे.